'आय लिव्ह' की 'आय ॲम लिव्हिंग'? इंग्रजीतल्या दोन वर्तमानकाळांचा गुंता

दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास पुण्यातल्या कॉलेजांमध्ये कॅम्पस इंटरव्ह्यूंची गडबड सुरू होते. मुलं कोडिंगची तयारी करतात, गणितं सोडवतात आणि 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. अवघड शब्द त्यांना येत असतात. जीभ घुटमळते ती 'आय लिव्ह इन पुणे' म्हणायचं की 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे', इथे. राज्यातल्या मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांच्यातले कित्येक जण ऑफिसचा ईमेल लिहिताना आजही याच जागी थांबतात.

मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते, त्यामुळे हे थांबणं रोज बघते. माझं ठाम मत असं, की हा गुंता बुद्धीचा किंवा सरावाचा नाही. आपण हे दोन काळ घड्याळाकडे बघून शिकलो, त्यामुळे तो झाला आहे.

आधी नावं ठरवून घेऊ

'आय गो', 'शी वर्क्स', 'दे प्ले' हा साधा वर्तमानकाळ. 'आय ॲम गोइंग', 'शी इज वर्किंग', 'दे आर प्लेइंग' हा चालू वर्तमानकाळ. पुढे मी फक्त 'साधा' आणि 'चालू' म्हणेन. प्रश्न विचारताना किंवा नकार देताना साध्याला 'डू' किंवा 'डज' लागतं: 'डू यू वर्क?', 'शी डज नॉट वर्क'. चालूत 'ॲम', 'इज', 'आर' यांनीच काम भागतं: 'आर यू वर्किंग?' दोन्हींची सरमिसळ करून 'डू यू वर्किंग?' किंवा 'आर यू वर्क?' असं कधीच होत नाही. रूपांबद्दल एवढं पुरे, ती पाठ होतात. अडतं ते निवडीपाशी.

बसची पाटी आणि बस

पीएमपीच्या बसच्या कपाळावर पाटी असते: कात्रज ते शिवाजीनगर. बस डेपोत उभी असो, स्वारगेटच्या सिग्नलला अडकलेली असो किंवा ड्रायव्हर चहा घेत असो, पाटी खरीच असते. 'धिस बस गोज टु शिवाजीनगर.' हा साधा वर्तमानकाळ. ही बस आत्ता या मिनिटाला काय करते आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ती मुळात कुठली बस आहे, तिचं काय ठरलेलं आहे, एवढंच तो सांगतो.

आता गणपती विसर्जनाचा दिवस घ्या. लक्ष्मी रोड बंद आहे आणि बस वळवली आहे. तेव्हा म्हणायचं, 'इट यूज्वली गोज बाय लक्ष्मी रोड, बट टुडे इट इज गोइंग बाय अनदर रोड.' एकाच वाक्यात दोन्ही काळ आले आणि दोन्ही आजच्याबद्दलच बोलत आहेत. पहिला भाग पाटीचा, दुसरा रस्त्यावरच्या बसचा. चालू वर्तमानकाळ आला की ऐकणाऱ्याला कळतं, की गोष्ट सुरू आहे, मध्यावर आहे, आणि ती संपणार आहे किंवा बदलू शकते.

भिडे पुलावरचं पाणी

खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेला पूर येतो आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. परगावच्या मित्राला हे इंग्रजीत कळवायचं आहे. 'द मुठा इज फ्लोइंग ओव्हर द भिडे ब्रिज' म्हटलं, की त्याला बरोबर चित्र दिसेल: आज पाणी पुलावरून वाहतं आहे, ओसरलं की पूल पुन्हा उघडा पडेल. तेच 'द मुठा फ्लोज ओव्हर द भिडे ब्रिज' म्हटलं तर त्याला वाटेल, हा पूल कायमच नदीखाली असतो. उलट 'द मुठा फ्लोज थ्रू पुणे' हे बरोबर, कारण नदी शहरातून वाहते हा तिचा स्थायी धर्म आहे. त्या वाक्यात 'इज फ्लोइंग' घातलं तर नदी आज चुकून शहरात शिरल्यासारखी वाटते.

चौघांतली एकही रचना व्याकरणात मोडकी नाही. चुकतो तो निरोप. म्हणूनच हा विषय रिकाम्या जागा भरण्यापुरता उरत नाही.

हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींनाही चालूच लागतो, मग तो बदल वर्षभर का चालेना. 'द वॉटर लेव्हल इज रायझिंग', 'रेंट्स इन बाणेर आर गोइंग अप'.

मग पुण्यात राहतो, ते कोणत्या काळात?

लातूरहून आलेला एक मुलगा एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. घर लातूरला, आईवडील लातूरला. त्याने 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे' म्हणावं, म्हणजे समोरच्याला कळेल की हा मुक्काम सध्यापुरता आहे. कसबा पेठेत जन्मलेल्या मुलीने 'आय लिव्ह इन पुणे' म्हणावं. त्या मुलाला पुढे इथेच नोकरी लागली, घर झालं, की एक दिवस तोही 'आय लिव्ह' म्हणू लागेल. तो दिवस कोणता, हे व्याकरण ठरवत नाही. स्वतःचा मुक्काम त्याला पक्का वाटू लागला, की काळ बदलतो.

मला या विषयातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. वस्तुस्थिती एकच असते. तिच्याकडे आपण कसं बघतो, ते इंग्रजी क्रियापदातून दिसतं. त्यामुळे वाक्य बोलण्याआधी 'हे आत्ता घडतंय का?' असं स्वतःला विचारू नका. 'हे ठरलेलं, कायमचं म्हणून सांगतोय की सध्या सुरू असलेलं म्हणून?' असं विचारा.

'हा फरक मराठीतही आहे. मग चुकतो कुठे?'

आहेच. 'बाबा काय करतात?' याचं उत्तर 'बँकेत आहेत.' 'बाबा काय करतायत?' याचं उत्तर 'पेपर वाचतायत.' इंग्रजीत नेमकं हेच: 'व्हॉट डज युअर फादर डू?' आणि 'व्हॉट इज ही डूइंग?' म्हणजे जाण आपल्याकडे लहानपणापासून आहे.

पण मराठी या बाबतीत सैल आहे. मैत्रिणीचा फोन येतो, 'काय करतेस गं?' आपण म्हणतो, 'स्वयंपाक करते, नंतर फोन करते.' यातलं पहिलं 'करते' आत्ताचं आहे आणि दुसरं पुढचं. 'मी नोकरी करते' यातलं 'करते' आणखी तिसरं, नेहमीचं. मराठीत संदर्भाने सगळं निभावतं. इंग्रजीत तिन्हींना तीन रूपं लागतात: 'आय ॲम कुकिंग', 'आय विल कॉल यू लेटर', 'आय वर्क'.

दुसरी अडचण 'असतो'ची. 'मी रोज सकाळी पर्वती चढत असतो.' शाळेत याला रीती वर्तमानकाळ म्हणतात, म्हणजे सवय सांगणारा. त्यातलं 'चढत' दिसलं की हात आपोआप 'क्लाइंबिंग'कडे जातो. इंग्रजीत मात्र सवय ही ठरलेली गोष्ट, म्हणून साधा: 'आय क्लाइंब पर्वती एव्हरी मॉर्निंग.'

आजी झोपली आहे

ही तिसरी जागा फारशी कुणी दाखवत नाही, म्हणून इथे जरा थांबते. दारावर कुणी आलं आणि आजीला विचारलं, तर आपण म्हणतो, 'आजी झोपली आहे.' मराठीत हा पूर्ण वर्तमानकाळ. झोपण्याची क्रिया झाली, आता तिची स्थिती उरली आहे, असं आपण बघतो. त्यामुळे इंग्रजीत 'शी हॅज स्लेप्ट' येतं आणि पाहुण्याला वाटतं, झोप झालेली दिसते, आत जायला हरकत नाही. इंग्रजी त्याच आजीकडे बघून म्हणते, झोप अजून सुरू आहे: 'शी इज स्लीपिंग.'

बसणं, उभं राहणं, कपडे घालणं, सगळ्याला हेच लागू. 'तो बाकावर बसलाय' म्हणजे 'ही इज सिटिंग ऑन द बेंच'. 'तिने निळी साडी नेसली आहे' म्हणजे 'शी इज वेअरिंग अ ब्लू सारी'. साडी नेसण्याची क्रिया चालू असेल, निऱ्या घालणं सुरू असेल, तर 'शी इज पुटिंग ऑन अ सारी'. हरवलेल्या माणसाचं वर्णन पोलिसांना इंग्रजीत द्यायचं झालं तर 'ही इज वेअरिंग' हेच हवं.

आणि जे कायमचं उभं आहे त्याला? 'शनिवारवाडा स्टँड्स इन द हार्ट ऑफ द सिटी.' साधा. त्याच्यासमोर मित्राची वाट बघत आपण उभे असतो तेव्हा 'आय ॲम स्टँडिंग इन फ्रंट ऑफ शनिवारवाडा'. वाडाही उभा, आपणही उभे, पण आपण थोड्या वेळाने निघणार.

'नो' आणि 'लाइक' यांना 'इंग' का चालत नाही?

'आय ॲम नोइंग हिम', 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स', 'आर यू हॅविंग चेंज?' ही वाक्यं आपल्या कानावर रोज पडतात. इंग्रजीत काही क्रियापदं कृती सांगत नाहीत, स्थिती सांगतात: माहीत असणं, आवडणं, हवं असणं, पटणं, आठवणं, मालकीचं असणं. यांना स्थितिदर्शक क्रियापदं म्हणतात. स्वयंपाक अर्धा झालेला असू शकतो, तो मध्येच थांबवता येतो. माहिती असणं अर्धवट चालू नसतं आणि फोन आला म्हणून कुणी ते थांबवत नाही. चालू वर्तमानकाळाला सुरू असणारं, मध्य असणारं काहीतरी लागतं. तेच इथे नाही.

याची यादी पाठ करण्यापेक्षा मराठी कानाला विचारा. ज्या वाक्यात कर्त्याच्या जागी 'मी' येत नाही, 'मला' येतं, तिथे बहुतेक वेळा इंग्रजीत साधा लागतो. मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवंय, मला पटतं, मला आठवतं: 'आय नो', 'आय लाइक', 'आय वाँट', 'आय अग्री', 'आय रिमेंबर'. 'माझ्याकडे आहे' हेही त्यातलंच: 'आय हॅव'. जणू आपलीच भाषा सांगते, की इथे मी काही करत नाही, हे मला होतं. ही खूण शंभर टक्के नाही. 'मला खोकला येतोय' याचं 'आय ॲम कफिंग' होतं. 'मला दिसतंय' आणि 'मला ऐकू येतंय' यांना 'आय कॅन सी', 'आय कॅन हिअर' शोभतं. तरी दहातल्या आठ-नऊ जागी ही खूण साथ देते.

काही क्रियापदं दोन्हीकडे वावरतात, कारण त्यांचे अर्थच दोन आहेत. 'आय हॅव अ फ्लॅट इन वारजे' यात मालकी आहे, 'आय ॲम हॅविंग मिसळ' यात खाणं. 'आय थिंक इट इज एक्स्पेन्सिव्ह' हे मत झालं. 'आय ॲम थिंकिंग ऑफ बाइंग इट' म्हणजे मनात विचार चालू आहे. मला सगळ्यात आवडणारी जोडी 'ही इज रूड' आणि 'ही इज बीइंग रूड' ही. पहिल्यात माणूस स्वभावानेच उद्धट ठरतो, दुसऱ्यात तो फक्त आत्ता तसा वागतो आहे. एका छोट्या 'बीइंग'मुळे माणसावर होणारा अन्याय टळतो.

'मग ती बर्गरवाल्यांची जाहिरात?'

वर्गात कुणीतरी हे विचारतंच. मॅकडोनाल्ड्स २००३पासून 'आय ॲम लव्हिंग इट' म्हणत आलं आहे, आणि 'लव्ह' तर स्थितिदर्शक! उत्तर असं: घोषवाक्य लिहिणाऱ्यांनी ते जाणूनबुजून मोडलं. 'आय लव्ह इट' ही कायमची आवड झाली. त्यांना सांगायचं होतं, की घास तोंडात आहे आणि मजा आत्ता येते आहे. हल्ली इंग्लंड-अमेरिकेतही बोलताना अशी वाक्यं ऐकू येतात, तीही क्षणापुरत्या भावनेसाठीच. 'आय ॲम नोइंग' मात्र तिथे कुणी म्हणत नाही.

'एव्हरी डे असेल तर साधा, नाऊ असेल तर चालू, एवढं पुरत नाही का?'

परीक्षेत रिकामी जागा भरताना पुरतं. बाहेर पडल्यावर 'नाऊ आय अंडरस्टँड' म्हणावं लागतं आणि खूण फसते. स्कूटर गॅरेजमध्ये आहे म्हणून 'आय ॲम वॉकिंग टु वर्क एव्हरी डे धिस वीक' म्हणावं लागतं आणि पुन्हा फसते. दोन्ही वाक्यं अगदी बरोबर आहेत. समजणं ही स्थिती, म्हणून साधा. चालत जाणं रोजचं, पण या आठवड्यापुरतं, म्हणून चालू.

'ऑल्वेज'चंही तसंच. 'ही ऑल्वेज पार्क्स हिअर' म्हणजे तो नेहमी इथे गाडी लावतो, नुसती माहिती. 'ही इज ऑल्वेज पार्किंग इन फ्रंट ऑफ अवर गेट' यात वैताग आला. आपण मराठीत 'सारखा आमच्या गेटसमोर गाडी लावत असतो' म्हणतो, त्यातला 'सारखा' या 'इंग'मधून ऐकू येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिताना कोणता सूर हवा, ते बघून निवडावं.

आणि आत्ता डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीलाही कधी साधा लागतो. गहुंजेच्या मैदानावरची इंग्रजी कॉमेंट्री आठवा: 'ही बोल्स, ही कट्स, अँड इट गोज फॉर फोर.' फटका इतक्या झटक्यात संपतो, की तो 'चालू' असताना पकडताच येत नाही. फील्डर सरकत असतात ते मात्र 'आर मूव्हिंग'.

उद्याची गोष्ट वर्तमानकाळात कशी?

मराठीतही आपण 'उद्या मुंबईला जातोय' म्हणतोच. इंग्रजीत ठरवलेल्या भेटीगाठींना चालू लागतो: 'आय ॲम मीटिंग द डॉक्टर टुमॉरो.' वेळापत्रकातल्या गोष्टींना साधा: 'द डेक्कन क्वीन लीव्हज पुणे ॲट ७.१५.' गाडी १९३० पासून धावते आहे, उद्याही धावणार. ती कुणाच्या वैयक्तिक बेतावर अवलंबून नाही.

'२०१८पासून पुण्यात राहतोय' हे मात्र दोन्ही काळांच्या हाताबाहेरचं. तिथे ना 'आय लिव्ह सिन्स' चालतं, ना 'आय ॲम लिव्हिंग सिन्स'. मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीला 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे सिन्स २०१८' हवं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण 'सिन्स' दिसला की थांबायचं, एवढं आजच लक्षात ठेवा.

'चुकलं तरी समजतं ना? आपलं भारतीय इंग्रजी आहे'

समजतं, आणि 'आय ॲम हॅविंग अ डाउट' म्हणणाऱ्याला हसणारा माणूस मला मुळीच आवडत नाही. बोलणारा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत बोलतो आहे आणि त्याचं काम होतं आहे. पण काही ठिकाणी अर्थच हलतो. हिंजवडीतल्या कंपनीत कायम नोकरीला असलेल्या मुलीने परदेशी ग्राहकाला 'आय ॲम वर्किंग हिअर' म्हटलं, तर तो समजू शकतो की ही तात्पुरती आलेली दिसते. 'आय वर्क हिअर' म्हटलं की प्रश्नच राहत नाही. सगळीकडे 'इंग' लावलं की ही बारीक छटा दाखवायची सोयच आपल्या हातातून जाते. ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नोकरीचा अर्ज, ओळीओळीने

माझ्याकडे मुलं अर्ज तपासायला आणतात, त्यात बहुतेक वेळा पहिली ओळ असते: 'आय ॲम रायटिंग टु अप्लाय फॉर द पोस्ट.' ती बरोबर आहे. अर्ज लिहिणं याच पत्रात चालू आहे.

पुढे येतं, 'आय ॲम हॅविंग टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स.' अनुभव गाठीशी आहे, म्हणून 'आय हॅव'. मग 'आय ॲम बिलाँगिंग टु सातारा.' सातारचं असणं बदलत नाही, म्हणून 'आय बिलाँग टु', आणि त्याहून सरळ 'आय ॲम फ्रॉम सातारा'. त्यानंतर 'आय ॲम डूइंग अ कोर्स इन डेटा ॲनालिटिक्स' असेल तर त्याला हात लावायचा नाही, कोर्स सुरू आहे आणि संपणार आहे.

मग हमखास येतं, 'आय ॲम रिक्वेस्टिंग यू टु कन्सिडर'. विनंती, वचन, माफी, आभार या गोष्टी शब्द उच्चारताच घडून जातात. त्यांना चालू राहायला वेळच मिळत नाही, म्हणून 'आय रिक्वेस्ट', 'आय प्रॉमिस', 'आय अपॉलजाइज'.

शेवटच्या ओळीवर वर्गात नेहमी वाद होतो: 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' की 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड'? दोन्ही बरोबर आहेत. पहिलं औपचारिक, जरा अंतर राखणारं; दुसरं मोकळं आणि आपुलकीचं. कंपनीला अर्ज पाठवताना पहिलं लिहा. ज्या मॅनेजरशी आधी फोनवर चांगलं बोलणं झालं आहे, तिला खुशाल दुसरं लिहा.